व्यत्यय व्यवस्थापन, संगणकातील

संगणकाला जोडलेल्या एखाद्या उपकरणाने विद्युत् संकेत पाठवून मध्यवर्ती प्रक्रियकाला (प्रोसेसरला) हातातील काम तात्पुरते थांबवावयास लावणे व आपल्या मागणीकडे त्याचे लक्ष वेधणे, या क्रियेला व्यत्यय (इंटरप्ट) असे म्हणतात. कळफलकावरील कळ दाबली जाणे, तबकडीवरून मागविलेली माहिती हाती येणे, जालातून (नेटवर्कमधून) माहितीचे पुडके (पॅकेट) येऊन पोहोचणे किंवा कालमापकाची नेमून दिलेली मुदत भरणे, ही व्यत्ययाची नेहमीची कारणे होत. असे संकेत वाहून आणणाऱ्या वाहिन्या व त्यांना दिलेले क्रमांक मर्यादित असतात. ते कोणत्या उपकरणास द्यावयाचे, कोणाकोणात सामाईक ठेवावयाचे, संकेत आल्यावर कोणती आज्ञावली चालवावयाची आणि काम संपल्यावर वाहिनी कशी परत घ्यावयाची, हे ठरविण्याचे काम परिचालन प्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) गाभा (कर्नल) करतो. या कामास व्यत्यय व्यवस्थापन म्हणतात.

स्मृती (मेमरी), तबकडीवरील जागा इ. साधनसंपत्तीप्रमाणेच व्यत्यय वाहिनी ही एक साधनसंपत्ती आहे. परंतु तिच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. दिलेली स्मृती वापरली जाईपर्यंत स्वस्थ पडून राहते. वाहिनी मात्र स्वतःच कामास प्रारंभ करते आणि तो कोणत्या क्षणी होईल हे आज्ञावली लिहिणाऱ्यास आधी सांगता येत नाही. त्यामुळे वाहिनी घेण्यात वा सोडण्यात झालेली चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते व एखाद्या दुर्मिळ योगायोगाने उघड होऊन सर्व यंत्रणा बंद पाडते. व्यत्यय व्यवस्थापनाचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

व्यत्ययाची आवश्यकता : उपकरणाची स्थिती जाणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रक्रियकाने त्याला वारंवार विचारीत राहणे. यास पृच्छा पद्धत (पोलिंग) म्हणतात. टंकलेखन करणारी व्यक्ती सेकंदाला पाच कळा दाबते व प्रक्रियक सेकंदाला १०० कोटी आज्ञा पार पाडतो असे धरल्यास, दोन कळांच्या दरम्यान प्रक्रियकाच्या २० कोटी आज्ञा होऊन जातात. एवढा वेळ केवळ विचारणा करण्यात घालविणे हा उघड अपव्यय होय. दारावर घंटा बसविली म्हणजे पाहुणा आला की काय हे पाहण्यासाठी घरातील माणसाला पुनःपुन्हा उठावे लागत नाही. व्यत्ययाचे कार्य या घंटेसारखे आहे. मात्र दोन घरांना मिळून एकच घंटा असेल, तर ती वाजल्यावर दोघांनाही उठून पाहावे लागते. आणि घंटेची कळ अडकून ती सतत वाजू लागली, तर घरात कोणतेच काम होऊ शकत नाही. या दोन्ही अडचणी संगणकातही येतात व त्यांचे विवेचन पुढे केले आहे.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयाने १९५४ मध्ये उभारलेल्या डायसीक या संगणकात आदान-प्रदानासाठी व्यत्ययाची सोय होती. नेदर्लंड्‌समध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स १ या संगणकासाठी व्यत्यय हाताळणारी आज्ञावली एड्‌स्खर डाइक्स्ट्रा यांनी लिहिली व तोच त्यांच्या १९५९ मधील प्रबंधाचा विषय होता. व्यत्ययामुळे संगणकाचे वर्तन बाह्य घटनांच्या नेमक्या वेळेवर अवलंबून राहू लागले आणि एकदा घडलेली चूक पुन्हा घडवून दाखविणे जवळजवळ अशक्य झाले. ही धास्ती डाइक्स्ट्रा यांना आरंभापासून होती व पुढील काळात ती खरी ठरली.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्याच्या रचनेत व्यत्ययाची व्यवस्था होती. अशा संगणकांत आदान-प्रदानाचे काम स्वतंत्र मार्गांवर सोपवून प्रक्रियक गणितात गुंतलेला ठेवता येत असे व काम पुरे झाल्याची वर्दी व्यत्ययाने मिळे. मुंबई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत तयार झालेल्या व २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘अजित’ या सूक्ष्मप्रक्रियकाची आज्ञासंहिता स्पार्क-आठवी आवृत्ती ही आहे. या संहितेत व्यत्ययाच्या १५ पातळ्या सांगितल्या आहेत. प्रक्रियकाने स्वतःसाठी एक पातळी निश्चित केली म्हणजे तिच्याहून वरच्या पातळीचेच व्यत्यय त्याच्यापर्यंत पोहोचतात. पंधराव्या पातळीचा व्यत्यय मात्र या रीतीने अडविता येत नाही.

व्यत्यय आल्यावर घडणाऱ्या क्रिया : उपकरणाचा संकेत प्रथम व्यत्यय नियंत्रकाकडे (इंटरप्ट कंट्रोलरकडे) जातो. नियंत्रक अनेक वाहिन्यांपैकी अग्रक्रम असलेली वाहिनी निवडून प्रक्रियकास कळवितो. प्रक्रियक चालू आज्ञा पुरी करून आपण कोठे थांबलो याची नोंद ठेवतो, संकेताच्या क्रमांकावरून एका तक्त्यात पाहून योग्य त्या सेवा-आज्ञावलीकडे (हँडलरकडे) वळतो आणि ती संपली की थांबलेले काम पुढे चालू करतो. मधल्या काळात सेवा-आज्ञावलीने उपकरणाला, तसेच गाभ्याने नियंत्रकाला, संकेत मिळाल्याची पोच द्यावी लागते. उपकरणाला पोच न मिळाल्यास ते आपली मागणी मागे घेत नाही. नियंत्रकाला न मिळाल्यास तो त्या वाहिनीवरील पुढील संकेत रोखून धरतो.

संकेत दोन प्रकारचे असतात. वाहिनीवरील विद्युत् दाब बदलण्याचा क्षण हाच संकेत मानला, तर त्यास कडा-प्रेरित संकेत म्हणतात. दाब विशिष्ट पातळीवर आहे तोपर्यंत संकेत चालू आहे असे मानले, तर त्यास पातळी-प्रेरित संकेत म्हणतात. पहिल्या प्रकारात संकेत हुकण्याची भीती असते. दुसऱ्या प्रकारात तो हुकत नाही, परंतु उपकरण शांत केल्याशिवाय तो थांबतही नाही. यामुळे वाहिनी सामाईक ठेवण्यास दुसरा प्रकार अधिक योग्य ठरतो.

वाहिन्यांची टंचाई : १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकात इंटेल ८२५९ए या जातीचा एक नियंत्रक असून त्यावर आठ वाहिन्या होत्या. १९८४ च्या एटी या नमुन्यात असे दोन नियंत्रक एकमेकांस जोडले गेले. जोडणीतच एक वाहिनी खर्ची पडल्याने १५ वाहिन्या उपलब्ध झाल्या. त्यांतूनही कालमापक, कळफलक, तबकडी इत्यादींच्या वाहिन्या ठरलेल्या असत. पहिल्या व तिसऱ्या अनुक्रमी द्वारांना (सिरियल पोर्टना) चौथ्या क्रमांकाची आणि दुसऱ्या व चौथ्या द्वारांना तिसऱ्या क्रमांकाची वाहिनी देण्याचा प्रघात होता. नवीन पट्ट (कार्ड) बसविताना त्यावरील पितळी टाचण्यांची टोपणे (जंपर) हलवून वाहिनीचा क्रमांक हाताने ठरवावा लागे. दोन पट्टांना चुकून एकच क्रमांक दिला गेला, तर संगणक सुरू होई. पण दूरध्वनीवरून माहिती पाठविणारा मोडेम चालू करताच माऊस निश्चल होणे, अशा चमत्कारिक तक्रारी उद्‌भवत. दोष दोहोंपैकी कोणत्याच उपकरणात नसे. तो वाटपात असे.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीसीआय या जोडणी-मानकाने पातळी-प्रेरित व सामाईक वाहिन्यांचा मार्ग स्वीकारला. त्यात केवळ चार व्यत्यय वाहिन्या ठेवण्यात आल्या व अनेक उपकरणांनी त्या वाटून घ्याव्या असे ठरले. अशा रीतीने टंचाईवर तोडगा निघाला. मात्र वाटून घेणाऱ्यांनी शिस्त पाळण्याची जबाबदारी गाभ्यावर व चालक-आज्ञावल्यांवर (ड्रायव्हरवर) आली.

गाभ्यातील नोंदणी : या शिस्तीचे स्वरूप लिनक्स या गाभ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना वाचावयास उपलब्ध असून १९९१ पासून ती सतत विकसित होत आहे. निरनिराळ्या जातींच्या प्रक्रियकांसाठी व्यत्यय हाताळण्याची सामाईक व्यवस्था तीत २००६ मध्ये अंतर्भूत करण्यात आली. चालक-आज्ञावलीस वाहिनी हवी असल्यास ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’ या क्रियेद्वारे मागणी करावी लागते. मागणीत वाहिनीचा क्रमांक, सेवा-आज्ञावलीचा पत्ता, वाहिनी सामाईक चालेल की नाही, संकेत कोणत्या प्रकारचा आहे आणि उपकरणाची ओळखखूण, या बाबी कळवाव्या लागतात. वाहिनी आधीच कोणाकडे असेल, तर नव्या व जुन्या अशा दोन्ही पक्षांनी सामाईक वापरास संमती दिलेली असली पाहिजे व संकेताचा प्रकारही जुळला पाहिजे. अन्यथा गाभा मागणी नाकारतो. ओळखखूण अनिवार्य असण्याचे कारण असे, की पुढे एखादा भागीदार बाहेर पडताना साखळीतील नेमकी कोणाची नोंद काढावयाची हे केवळ क्रमांकावरून समजत नाही.

सामाईक वाहिनीवर संकेत आल्यास गाभा साखळीतील प्रत्येक सेवा-आज्ञावली क्रमाने चालवितो. प्रत्येकीने प्रथम आपल्या उपकरणाच्या स्थिती-नोंदकात (स्टेटस रजिस्टरमध्ये) पाहून ‘हा संकेत माझा होता’ किंवा ‘माझा नव्हता’ असे प्रामाणिकपणे कळविणे अपेक्षित आहे. माझा नसताना माझा म्हणणारी आज्ञावली खऱ्या दोषावर पांघरूण घालते; माझा असताना नाकारणारी आज्ञावली सर्व भागीदारांना अडचणीत आणते.

व्यत्यय-वादळ : कोणीही आपला म्हणून न स्वीकारलेला पातळी-प्रेरित संकेत चालूच राहतो. प्रक्रियक सेवा-आज्ञावल्यांतून बाहेर पडतो न पडतो तोच पुन्हा त्यांत ओढला जातो व इतर सर्व कामे ठप्प होतात. या स्थितीस व्यत्यय-वादळ (इंटरप्ट स्टॉर्म) म्हणतात. यावर उपाय म्हणून लिनक्स गाभा प्रत्येक वाहिनीवरील बेवारस संकेत मोजतो. एक लक्ष संकेतांपैकी ९९,९०० हून अधिक संकेत बेवारस निघाल्यास तो ती वाहिनी बंद करतो व तसा इशारा नोंदवून ठेवतो. यंत्रणा वाचते, परंतु त्याच वाहिनीवर नियमाने वागणारे दुसरे उपकरण असेल, तर त्याचीही सेवा थांबते. तबकडी-नियंत्रक आणि एखादा बिघडलेला पट्ट यांची वाहिनी एकच असेल, तर पट्टाच्या दोषाची शिक्षा तबकडीस भोगावी लागते व ती संथ झाल्याची वा बंद पडल्याची तक्रार येते. म्हणून अशा वेळी तक्रार ज्या उपकरणाची असेल त्याच्याइतकीच त्याच्या शेजाऱ्याची तपासणी आवश्यक असते. कोणत्या वाहिनीवर कोणकोण आहे व किती संकेत आले, याची यादी लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्‌स’ या धारिकेत (फाइलमध्ये) पाहावयास मिळते.

सेवा-आज्ञावलीची बंधने : सेवा-आज्ञावली चालू असताना त्या प्रक्रियकावरील इतर व्यत्यय सामान्यतः रोखलेले असतात. म्हणून ती अत्यंत थोडक्यात आटोपली पाहिजे. ती कोणत्याही कारणाने वाट पाहत थांबू शकत नाही. कारण ती कोणा एका कार्याच्या वतीने चालत नसते व तिला बाजूस ठेवून दुसरे काम हाती घेण्याची सोय गाभ्याजवळ नसते. हवी असलेली स्मृती तत्काळ मिळाली नाही, तर मिळेपर्यंत न थांबता त्या प्रसंगापुरते काम सोडून द्यावे लागते.

यामुळे सेवेचे दोन भाग करण्याची पद्धत रूढ झाली आहे. पहिल्या भागात उपकरणाला पोच देऊन नाशवंत माहिती उचलून घेतात. उरलेले लांबलचक काम दुसऱ्या भागाकडे सोपवितात. हा दुसरा भाग नंतर, व्यत्यय मोकळे असताना, चालतो. २००९ पासून लिनक्समध्ये दुसरा भाग गाभ्यातील स्वतंत्र धाग्याच्या (थ्रेडच्या) स्वरूपात चालविण्याची सोय आहे. अशा धाग्याला वाट पाहता येते व इतर कार्यांप्रमाणे त्याला अग्रक्रमही देता येतो. पातळी-प्रेरित वाहिनीच्या बाबतीत उपकरण शांत करण्याचे कामच धाग्यावर सोपविलेले असेल, तर धागा संपेपर्यंत वाहिनी रोखून ठेवावी लागते. तसे न केल्यास धाग्याला चालण्याची संधी मिळण्यापूर्वीच वादळ सुरू होते.

कुलपे व कोंडी : सेवा-आज्ञावली व सर्वसाधारण आज्ञावली एकाच माहितीत बदल करीत असतील, तर एका वेळी एकानेच तीत हात घालावा यासाठी त्या माहितीस कुलूप (लॉक) घालतात. सर्वसाधारण आज्ञावलीने कुलूप घेतले, त्याच क्षणी त्याच प्रक्रियकावर व्यत्यय आला आणि सेवा-आज्ञावली तेच कुलूप मागू लागली, तर कायमची कोंडी होते. कारण ज्याने कुलूप सोडावयाचे त्याला सेवा संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही व सेवा कुलपाशिवाय संपत नाही. म्हणून असे कुलूप घेताना त्या प्रक्रियकावरील व्यत्यय आधी रोखतात व कुलूप सोडल्यावर पूर्वस्थिती परत आणतात. व्यत्यय रोखून ठेवण्याचा हा कालावधी जितका अधिक, तितकी यंत्रणा बाह्य घटनांबाबत अधिक बधिर होते. याच प्रकारची दुसरी कोंडी वाहिनी बंद करण्याच्या क्रियेत संभवते. ‘डिसेबल_आयआरक्यू’ ही क्रिया चालू असलेली सेवा संपेपर्यंत थांबते. ती सेवा-आज्ञावलीतूनच वापरली, तर आज्ञावली स्वतःच्याच समाप्तीची वाट पाहत बसते.

घेण्याचा व सोडण्याचा क्रम : वाहिनी मिळताच त्याच क्षणी संकेत येऊ शकतो, असे गृहीत धरून आज्ञावली लिहावी लागते. म्हणून सेवा-आज्ञावलीस लागणारी स्मृती, कुलपे व नोंदकांचे पत्ते यांची सिद्धता आधी करून वाहिनीची मागणी शेवटी करतात. सोडताना क्रम उलटा असतो. प्रथम उपकरणाला संकेत पाठविण्यास मनाई करतात, मग वाहिनी परत करतात व त्यानंतरच स्मृती मोकळी करतात. ‘फ्री_आयआरक्यू’ ही क्रिया चालू असलेली सेवा संपल्याची खात्री करूनच परतते. त्यामुळे तिच्यानंतर स्मृती मोकळी करणे सुरक्षित असते.

वाहिनी परत करण्याचे विस्मरण होऊ नये, म्हणून लिनक्समध्ये २००७ पासून साधनसंपत्ती उपकरणाच्याच नावावर मांडून ठेवण्याची सोय झाली. उपकरण काढून घेतले किंवा त्याची सिद्धता अर्ध्यावर फसली, तर गाभा अशा सर्व गोष्टी घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप परत घेतो. या सोयीने विस्मरणाचा दोष गेला. परंतु क्रमाचा दोष गेला नाही. चालक-आज्ञावलीने वाहिनी या स्वयंचलित रीतीने घेतली व स्मृती मात्र स्वतः हाताने मोकळी केली, तर हाताने करावयाचे काम आधी होते व वाहिनी त्यानंतर परत घेतली जाते. मधल्या अल्प कालावधीत सामाईक वाहिनीवर शेजारी उपकरणाचा संकेत आल्यास साखळीतील ही सेवा-आज्ञावलीही चालविली जाते व ती मोकळ्या केलेल्या स्मृतीत हात घालते. आपल्या उपकरणाचा संकेत बंद केलेला असूनही हा अपघात घडतो. असे दोष उघडकीस आणण्यासाठी तपासणीच्या वेळी गाभ्यात एक विशेष पर्याय चालू करता येतो. सामाईक वाहिनी परत करताना गाभा मुद्दाम एक खोटा व्यत्यय घडवून सेवा-आज्ञावली चालवून पाहतो. वर्षातून एकदा घडणारा अपघात अशा रीतीने प्रत्येक वेळी घडवून आणता येतो व डाइक्स्ट्रा यांना भेडसावणाऱ्या अडचणीला अंशतः उत्तर मिळते.

संदेशरूप व्यत्यय : १९९८ च्या सुमारास पीसीआय मानकात संदेशरूप व्यत्ययाचा समावेश झाला. त्यात स्वतंत्र तारेऐवजी उपकरण स्मृतीच्या विशिष्ट पत्त्यावर एक लहानशी संख्या लिहिते व तोच संकेत समजला जातो. एका उपकरणास ३२ पर्यंत आणि नंतरच्या विस्तारित प्रकारात २,०४८ पर्यंत क्रमांक मिळू शकतात. त्यामुळे वाहिनी सामाईक ठेवण्याची गरज पुष्कळशी नाहीशी झाली व जाल-पट्टाच्या प्रत्येक रांगेचा व्यत्यय वेगळ्या प्रक्रियकाकडे वळविता येऊ लागला. टंचाई मात्र दुसऱ्या रूपाने परत आली. इंटेल परंपरेतील प्रत्येक प्रक्रियकास एकूण २५६ क्रमांक असून त्यांपैकी पहिले ३२ अपवादात्मक प्रसंगांसाठी राखीव असतात. अनेक प्रक्रियकांचा संगणक निद्रावस्थेत नेताना एक सोडून सर्व प्रक्रियक बंद केले जातात व सर्वांचे क्रमांक एकट्यावर येऊन पडल्यास ते पुरत नाहीत. यासाठी केवळ राखून ठेवलेला क्रमांक व प्रत्यक्ष वापरातील क्रमांक यांत भेद करणारी वाटपपद्धती लिनक्समध्ये २०१८ च्या प्रारंभी आली.

व्यत्ययांचा अतिरेक : सेकंदास १०० कोटी बिट वाहणाऱ्या जालातून सर्वांत लहान आकाराची पुडकी आल्यास त्यांची संख्या सेकंदास सुमारे १४.८८ लक्ष होते. म्हणजे प्रत्येक पुडक्यास एक मायक्रोसेकंदही (सेकंदाचा दशलक्षांश भागही) मिळत नाही. प्रत्येक पुडक्यास एक व्यत्यय दिला, तर प्रक्रियकाचा सर्व वेळ आगमनाची नोंद घेण्यातच संपतो व पुडक्यांतील मजकुरावर काहीही काम होत नाही. जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या अवस्थेचे विश्लेषण करून उपाय सुचविला. लिनक्समधील रूढ पद्धत त्याच विचाराची आहे. पहिले पुडके व्यत्ययाने कळते, मग त्या रांगेचे व्यत्यय रोखून पृच्छा पद्धतीने ठराविक संख्येपर्यंत पुडकी उचलतात आणि रांग रिकामी झाल्यावर व्यत्यय पुन्हा मोकळा करतात. यावरून पृच्छा पद्धत सर्वस्वी त्याज्य नसून गर्दीच्या वेळी तीच अधिक किफायतशीर ठरते, असे दिसून येते.

एंजिन-नियंत्रणातील उदाहरण : व्यत्ययास उशीर झाल्याचा परिणाम मोटारगाडीच्या डिझेल एंजिनात प्रत्यक्ष मोजता येतो. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉश लिमिटेड या कंपनीचा डिझेल अंतःक्षेपणाचे घटक बनविणारा कारखाना आहे. ही कंपनी १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजेच मायको या नावाने स्थापन झाली व २००८ मध्ये तिचे नाव बदलले. नाशिकमधील एक चौक अद्याप मायको सर्कल या नावानेच ओळखला जातो. येथे इंधनाच्या तोट्या (नॉझल) व अंतःक्षेपक (इंजेक्टर) तयार होतात. जुन्या एंजिनात इंधन केव्हा सोडावयाचे हे पंपातील यांत्रिक रचना ठरवीत असे. सामाईक नळीच्या (कॉमन रेल) पद्धतीत नळीत अतिशय उच्च दाबाखाली इंधन सतत तयार असते व अंतःक्षेपकाची झडप उघडण्याचा क्षण इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो. ही पद्धत प्रवासी मोटारगाड्यांत १९९७ मध्ये आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धूरविषयक मानके लागू झाल्यावर अंतःक्षेपणाच्या अचूकतेस अधिकच महत्त्व आले.

एंजिनाची स्थिती कळण्यासाठी भुजादंडावर (क्रँकशाफ्टवर) दातेरी चाक बसवितात. ६० दात्यांच्या जागा असलेल्या चाकातील दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या खंडावरून प्रत्येक फेऱ्याचा आरंभ ओळखता येतो. संवेदकासमोरून जाणारा प्रत्येक दाता एक संकेत देतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असल्यास सेकंदाला ५० फेरे होतात व सहा अंशांवर असलेले दाते सुमारे ३३३ मायक्रोसेकंदांनी एकामागून एक येतात. या गतीने एक अंश फिरण्यास सुमारे ५६ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून व्यत्ययाची दखल घेण्यास केवळ १०० मायक्रोसेकंद उशीर झाला, तर इंधन १·८ अंश उशिरा सोडले जाईल. त्याचा परिणाम ज्वलनावर, आवाजावर व धुरावर होतो. टंकलेखकाच्या कळेस एवढा विलंब झाला असता तो कोणाच्याही ध्यानात आला नसता.

यामुळे अशा नियंत्रकांतील व्यवस्थापन लिनक्सहून वेगळ्या तत्त्वावर उभारलेले असते. जर्मनीत १९९३ मध्ये आरंभ झालेल्या ओसेक या मानकाप्रमाणे व पुढे २००३ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोसार या संघटनेच्या मानकांप्रमाणे, कोणता व्यत्यय कोणत्या आज्ञावलीचा व त्याचा अग्रक्रम किती, हे आज्ञावली तयार करतानाच कायमचे ठरवितात. गाडी चालू असताना वाहिनीची मागणी, नकार वा परतफेड असा प्रश्नच उद्‌भवत नाही. व्यत्ययांचे दोन वर्ग केलेले असतात. पहिल्या वर्गातील सेवा-आज्ञावली परिचालन प्रणालीची कोणतीही मदत घेत नाही व म्हणून सर्वांत शीघ्र असते. दुसऱ्या वर्गातील आज्ञावलीस ती मदत घेता येते, पण थोडा विलंब सोसावा लागतो. शिवाय दाते मोजणे व नेमक्या कोनावर झडपेचा विद्युत् प्रवाह सुरू करणे, यांसारखी कामे प्रक्रियकाकडे न देता स्वतंत्र कालमापक-मंडलाकडे सोपवितात. बॉशनेच विकसित केलेले जेनेरिक टायमर मॉड्यूल हे अशा मंडलाचे उदाहरण होय. व्यत्ययाचा उपयोग मग पुढील अंतःक्षेपणाचा कोन व कालावधी यांची गणना करण्यापुरता उरतो आणि त्यातील किरकोळ विलंब झडपेपर्यंत पोहोचत नाही.

तुलना : वर वर्णन केलेल्या दोन पद्धतींपैकी कोणती योग्य हे कार्यावरून ठरते. ज्या यंत्राला कोणती उपकरणे केव्हा जोडली जातील हे माहीत नसते, त्यात वाहिन्या मागणीप्रमाणे देणे व परत घेणे अपरिहार्य असते. तेथे नोंदणी, सामाईक वापरातील प्रामाणिकपणा व सोडण्याचा क्रम यांवर सर्व भिस्त असते. ज्या यंत्राची घडण कायमची ठरलेली असते, त्यात वाटपही कायमचे ठरवून विलंबाची कमाल मर्यादा आधी सिद्ध करणे शक्य व आवश्यक असते. या दोहोंमधील अंतर अलीकडे कमी होत आहे. बहुतेक सेवा-आज्ञावल्या धाग्यांच्या रूपाने चालवून विलंब मर्यादित ठेवणारी वास्तव-काल (रिअल टाइम) व्यवस्था अनेक वर्षे लिनक्सच्या बाहेर विकसित होत होती; ती २०२४ मध्ये मुख्य गाभ्यात समाविष्ट झाली. तथापि धागा असो वा कालमापक-मंडल असो, उपकरणाला पोच देणे, सेवा थोडक्यात आटोपणे आणि वाहिनी शेवटी घेऊन ती स्मृतीच्या आधी परत करणे, हे नियम बदललेले नाहीत. त्यांतील एकाचा भंग झाला तरी त्याची झळ भंग करणाऱ्या आज्ञावलीपुरती मर्यादित न राहता वाहिनीवरील शेजाऱ्यांना व अंती सर्व यंत्रणेला पोहोचते.